हिरव्या तळ्यातले मासे पहाटेच का मरतात?

तळ्यात मासे मेल्याची बातमी नीट वाचली तर एक गोष्ट जवळपास दर वेळी सारखी असते. मेलेले मासे कुणाला तरी सकाळी सकाळी दिसलेले असतात. फिरायला आलेल्यांना, गुरं पाण्यावर आणणाऱ्याला, नाहीतर तळ्याचा ठेका घेतलेल्या मच्छीमाराला. आदल्या संध्याकाळी तळं ठणठणीत होतं. मग गावात कुजबुज सुरू होते की कुणीतरी विष कालवलं. कधी कधी ते खरंही असतं. पण हा विष कालवणारा नेहमी रात्रीच कसा येतो, आणि तोही ऐन उकाड्यात किंवा सलग दोन-तीन ढगाळ दिवसांनंतरच कसा, याचा उलगडा पंचनाम्यातून होत नाही. तो होतो पाण्यातल्या वनस्पती आणि मासे यांच्या शरीरक्रियेतून.

आधी पाण्यात ऑक्सिजन असतो तरी किती ते पाहू. पाण्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे, मग माशाला कमी कसा पडेल, असं पुष्कळांना वाटतं. तो ऑक्सिजन हायड्रोजनला घट्ट बांधलेला असतो, माशाला तो सोडवता येत नाही. माशाच्या कामाचा असतो तो पाण्यात वेगळा विरघळलेला ऑक्सिजन, आणि तो फारच थोडा असतो. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर गोड्या पाण्यात, पाण्याचं तापमान ३० अंश सेल्सिअस असेल तर, हवेतून मावून मावून साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे हवेत पस्तीसएक पट जास्त. पाणी २० अंशाला असेल तर हा आकडा ९ च्या आसपास जातो. उन्हाळ्यात पाणी तापतं तसा त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची भूक वाढते. मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीराचा ऑक्सिजनचा खप ढोबळमानाने दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये पुरवठा आटतो आणि मागणी फुगते.

त्यात हवेतून पाण्यात ऑक्सिजन शिरण्याचा वेग भलताच कमी. हवेच्या तुलनेत पाण्यात ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. अगदी निश्चल पाण्यात, काहीही न ढवळता, नुसता झिरपत झिरपत ऑक्सिजन मीटरभर खाली पोचायचा म्हटलं तर काही वर्षं लागतील. तळ्याचा तळ श्वास घेतो तो वाऱ्यामुळे, लाटांमुळे, पाणी वरखाली होण्यामुळे. वारा पडलेली रात्र माशांना का महागात पडते, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

कल्ल्यांचं काम

बाजारात रोहू घेताना आपण कल्ल्याचं झाकण उचलून रंग बघतो. लालभडक असेल तर ताजा. पुढच्या वेळी तिथे जरा जास्त वेळ बघा. प्रत्येक बाजूला चार कमानी दिसतील, आणि प्रत्येक कमानीवर लाल तंतूंच्या दोन रांगा, कंगव्याच्या दातांसारख्या. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही ते असं, की त्या प्रत्येक तंतूवर दोन्ही बाजूंनी आणखी बारीक, कागदाहून पातळ पटलांच्या ओळी असतात. त्या पटलांत रक्त वाहतं, आणि रक्त व बाहेरचं पाणी यांच्यामध्ये काही मायक्रोमीटर जाडीची भिंत असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

खरी करामत पुढे आहे. पटलांवरून पाणी ज्या दिशेने जातं, त्याच्या उलट दिशेने आतलं रक्त वाहतं. दोन्ही एकाच दिशेने वाहिले असते तर थोड्याच अंतरात पाण्यातला आणि रक्तातला ऑक्सिजन सारखा झाला असता आणि देवघेव थांबली असती. फार तर अर्धा ऑक्सिजन हाती लागला असता. उलट्या दिशेमुळे, बाहेर पडायच्या बेतात असलेल्या जवळजवळ भरल्या रक्तासमोर नुकतं आलेलं ताजं पाणी असतं, आणि नुकत्या आलेल्या रिकाम्या रक्तासमोर जवळजवळ निथळलेलं पाणी. प्रत्येक ठिकाणी पाण्याचं पारडं थोडं जड राहतं, त्यामुळे ऑक्सिजन शेवटपर्यंत रक्ताकडे जात राहतो. अशा रीतीने मासा पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. आपली फुप्फुसं आत घेतलेल्या हवेतला पाव हिस्सा ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला परत सोडून देतात. आपल्याला ती उधळपट्टी परवडते.

मग मासा पाण्याबाहेर का मरतो? हवेत तर पस्तीस पट ऑक्सिजन आहे. कारण ती नाजूक पटलं पाण्याच्या आधाराने एकमेकांपासून सुटी राहिलेली असतात. बाहेर काढताच ती ओल्या कागदांसारखी एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेल्या पटलांमध्ये हवा शिरत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशाला आणखी एक घोर असतो. त्याच्या रक्तात मीठ आहे, बाहेरच्या पाण्यात जवळपास नाही. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरतं आणि क्षार सतत बाहेर निसटतात. गोड्या पाण्यातला मासा म्हणूनच पाणी जवळपास पीत नाही, उलट पातळ लघवी भरपूर करतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशी ऊर्जा खर्चून पाण्यातले क्षार परत आत ओढतात. ऑक्सिजनसाठी कल्ल्यांचा पसारा मोठा हवा, क्षार टिकवायचे तर तो लहान हवा. दोन्ही एकदम जमत नाही.

या पेचातून युरोपातल्या क्रुशियन कार्प नावाच्या माशाने (आपल्या गोल्डफिशचा हा जवळचा भाऊबंद) काढलेली वाट मला फार आवडते. ऑक्सिजन मुबलक असतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांच्या पटलांमधल्या खाचा पेशींनी बुजलेल्या असतात. पाण्यातला ऑक्सिजन घटला की काही दिवसांत त्या पेशी नाहीशा होतात, पटलं उघडी पडतात आणि देवघेवीचं क्षेत्रफळ सातएक पटींनी वाढतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये हे दाखवलं. आणि हिवाळ्यात तळं वरून गोठून ऑक्सिजन पार संपला, तरी हा मासा मरत नाही. आपले स्नायू ऑक्सिजनविना काम करतात तेव्हा लॅक्टिक आम्ल साठतं आणि त्याने शरीर बेजार होतं. हा मासा त्या आम्लाचं अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. अशा वेळी त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडतं. भारतात वाहनचालकासाठी मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. त्याला गाडी चालवायची नसते, हे बरंच.

आपल्या रोहू, कटला, मृगळ यांना ही युक्ती येत नाही. त्यांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असला की बरं चालतं. ३ च्या खाली आला की ते खाणं टाकतात, सुस्तावतात. १ च्या खाली काही तास गेले की संपलं. महाडजवळच्या वाळणकोंडीत लोक ज्यांना मुरमुरे टाकतात ते महसीर तर वाहत्या, स्वच्छ पाण्याचे मासे. त्यांची गरज याहून अधिक.

वर येऊन तोंड उघडतात, पण हवा घेत नाहीत

पहाटे शेततळ्यावर गेलं आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, की मत्स्यसंवर्धक समजतो की काम बिघडलं. हे मासे हवा गिळतात असा समज आहे. रोहू हवा गिळत नाही. पाण्याचा हवेला टेकलेला अगदी वरचा पातळ थर तेवढा ऑक्सिजन धरून असतो, कारण त्याला हवेतून सतत मिळत राहतो. मासा तो थर तोंडात ओढून कल्ल्यांवरून फिरवतो. हा शेवटचा उपाय असतो. बगळे आणि खंड्यांना तो आयता सापडतो ते वेगळंच.

खरोखर हवा घेणारे मासे वेगळे. मरळ, मागूर, सिंगी ही आपली मंडळी. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिला रक्तवाहिन्यांचं दाट अस्तर असतं. तोंडाने घेतलेली हवा मासा तिथे भरून ठेवतो. मागूरच्या त्या पोकळीत झाडोऱ्यासारखा फांद्या फुटलेला अवयव असतो. सिंगीला पाठीच्या कण्याच्या बाजूने मागे जाणाऱ्या दोन हवेच्या पिशव्या असतात. बाजारात मरळ टोपलीत, घमेल्यात तासन्तास जिवंत राहते ती यामुळे. आणि याची दुसरी बाजू अशी की मोठी झालेली मरळ केवळ कल्ल्यांवर भागवू शकत नाही. जाळ्यात अडकून तिला वर येता आलं नाही तर ती पाण्यात गुदमरून मरते. मासा बुडून मरतो म्हटलं की लोक हसतात, पण ते शब्दशः खरं आहे.

वनस्पती दिवसा देते, रात्री घेते

आता दुसऱ्या पात्राकडे. झाडं ऑक्सिजन देतात हे आपण शाळेत इतक्यांदा घोकलेलं असतं की ती ऑक्सिजन घेतातही, हे विसरून जातो.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते यान इंगेनहाउस या डच डॉक्टराने, १७७९ च्या उन्हाळ्यात, लंडनजवळ. त्याआधी जोसेफ प्रीस्टलीने पुदिन्याची डहाळी बंद भांड्यातली 'बिघडलेली' हवा सुधारते हे दाखवलं होतं, पण तो प्रयोग कधी जमायचा, कधी फसायचा. इंगेनहाउसने पानं पाण्यात बुडवली. उन्हात ठेवली की पानांवर बुडबुडे धरायचे. सावलीत ते थांबायचे. शेगडीजवळ ठेवून ऊब दिली तरी अंधारात बुडबुडे येईनात. म्हणजे काम उष्णतेचं नव्हे, प्रकाशाचं. पाचशेहून जास्त प्रयोगांनंतर त्याने हेही नोंदवलं की रात्री वनस्पती हवा बिघडवतात. प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासाची सुरुवातच अशी पाण्यातल्या बुडबुड्यांपासून झाली. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उलटं नरसाळं आणि त्यावर परीक्षानळी लावून आपण जो प्रयोग करतो तो याच परंपरेतला.

वनस्पतीची प्रत्येक जिवंत पेशी दिवसरात्र श्वसन करते, म्हणजे ऑक्सिजन खर्च करते. दिवसा उजेडात ती खर्चाच्या कितीतरी पट जमा करते. सूर्य मावळला की जमा बंद, खर्च चालू. तळ्यात मोठ्या पाणवनस्पतींपेक्षा जास्त हिशोब असतो डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या शेवाळाचा, म्हणजे वनस्पती प्लवकांचा. पाण्याला हिरवा रंग येतो तो त्यांच्यामुळे. फिकट हिरवं पाणी मत्स्यशेतीला उत्तम. गर्द हिरवं पाणी म्हणजे दिवसा मोठी जमा आणि रात्री तेवढाच मोठा खर्च. अशा तळ्यात दुपारी तीन-चार वाजता ऑक्सिजन लिटरमागे १५ मिलिग्रॅमच्या वर गेलेला असू शकतो, आणि त्याच तळ्यात पहाटे पाचला २ च्या खाली.

दुपारी इतका साठा होता, मग रात्रभर का पुरला नाही? कारण तो साठवून ठेवता येत नाही. साडेसात मिलिग्रॅमच्या वर जे काही असतं ते पाण्याला जड झालेलं असतं, ते हवेत निसटत राहतं, आणि दिवसा वारा असल्यामुळे वेगाने निसटतं. रात्री तूट पडते तेव्हा हवेतून भरपाई व्हायला हवी, पण वारा पडलेला असतो आणि निश्चल पाण्यात ऑक्सिजन किती हळू शिरतो ते वर पाहिलंच. शिवाय रात्रीचा खर्च माशांचा फार थोडा असतो. साध्या मत्स्यतळ्यात मोठा वाटा प्लवकांचा आणि तळाच्या गाळात कुजवण्याचं काम करणाऱ्या जिवाणूंचा. मासे बिचारे किरकोळ खातेदार.

हे मोजायची जुनी, साधी रीत आहे. दोन काचेच्या बाटल्या तळ्याच्या पाण्याने भरायच्या, एक पारदर्शक, दुसरी काळी गुंडाळलेली. दोन्ही दोरीने तळ्यातच त्याच खोलीवर लटकवायच्या. समजा सुरुवातीला ऑक्सिजन ६ होता. चार तासांनी पारदर्शक बाटलीत साडेआठ भरला, काळ्या बाटलीत ५. काळ्या बाटलीत फक्त खर्च झाला, तो १. पारदर्शक बाटलीत जमा आणि खर्च दोन्ही होऊन अडीच उरले. म्हणजे खरी जमा साडेतीन. आता बारा तासांची रात्र धरा. खर्च असाच चालला तर नुसत्या पाण्यातल्या प्लवकांनी आणि जिवाणूंनी ३ मिलिग्रॅम संपवले. गाळ आणि मासे अजून धरलेलेच नाहीत.

बाटलीतला ऑक्सिजन मोजायची पद्धत बुडापेस्टच्या लायोश विंकलरने १८८८ मध्ये दिली आणि ती आजही बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात करावी लागते. बुडबुडा न शिरू देता बाटली काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त पोटॅशियम आयोडाइड सोडायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर साका पांढराच राहतो. मग आम्ल टाकून साका विरघळवायचा, पिवळट आयोडीन सुटतं, ते थायोसल्फेटने मोजत संपवायचं. स्टार्चचा निळा रंग एका थेंबाने नाहीसा होतो तो क्षण गाठताना भलेभले एक थेंब जास्त टाकतात. आता सरळ पाण्यात बुडवायचे मीटर मिळतात, तरी मीटर खरं बोलतो का ते तपासायला विंकलरकडेच यावं लागतं.

माझं एक स्पष्ट मत आहे. मासे मेल्यावर पाण्याचा नमुना सकाळी अकरा-बाराला घेऊन 'ऑक्सिजनचं प्रमाण समाधानकारक' असा शेरा मारण्याला काही अर्थ नाही. तोवर सूर्य चार-पाच तास वर असतो आणि शेवाळाने पुन्हा जमा सुरू केलेली असते. आकडा खरा असतो, वेळ चुकलेली असते. तळ्याची तब्येत कळते ती सूर्योदयाच्या आधीच्या अर्ध्या तासात.

रात्री आणखी एक गोष्ट घडते. श्वसनातून कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी किंचित आम्लाकडे झुकतं. रक्तात आम्लता वाढली की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते, हे १९०४ मध्ये कोपनहेगनमध्ये ख्रिश्चियन बोर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. (अणूच्या रचनेमुळे नाव झालेले नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव.) अनेक माशांच्या हिमोग्लोबिनवर हा परिणाम माणसापेक्षा बराच तीव्र असतो. म्हणजे पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी, आणि जो आहे तो उचलायची रक्ताची ताकदही सगळ्यात कमी.

दुपारचं संकट आणि हायड्रिलाची चतुराई

दुपारी तरी मासे निश्चिंत असतात का? गर्द हिरव्या तळ्यात नाही. शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पाण्याची आम्लता घटते आणि त्याचा सामू (पीएच) वर चढतो. सकाळी साडेसात असलेला सामू दुपारी ९ च्या पुढे जाऊ शकतो. मासे लघवीपेक्षा कल्ल्यांतूनच अमोनिया बाहेर टाकतात, आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनिया होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं कल्ल्यांतून सहज आत शिरणारं विषारी. ३० अंशाला सामू ७ असताना विषारी रूप एक टक्क्याहूनही कमी असतं. सामू ९ झाला की ते ४० टक्क्यांच्या वर जातं. अमोनिया तेवढाच, पण दुपारी तो विष होतो. म्हणून संवर्धक दुपारी सामू बघतात आणि पहाटे ऑक्सिजन.

कार्बन डायऑक्साइड संपला की वनस्पतीचीही उपासमार होते. इथे हायड्रिला काय करते ते बघण्यासारखं आहे. मत्स्यालयात लावतात तीच ही लांबट, प्रत्येक पेराला बारीक पानांचं चक्र असलेली पाणवनस्पती. जगदीशचंद्र बोस यांनी १९२० च्या दशकात हायड्रिलाचे बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र बनवलं होतं, आणि उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्यापेक्षा वेगळी वागते, तिच्यात मॅलिक आम्लाचा काहीतरी संबंध आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ लागायला अर्धं शतक जावं लागलं.

ऊस, मका, ज्वारी ही पिकं कार्बन डायऑक्साइड थेट साखरेच्या कारखान्यात पाठवत नाहीत. आधी त्याचं चार कार्बनचं आम्ल करतात, ते आतल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशीत नेतात आणि तिथे वायू पुन्हा मोकळा करून त्याचा दाट साठा करतात. याला सी-फोर पद्धत म्हणतात. १९६० च्या दशकात ती उसातच उलगडली. त्यासाठी पानात दोन प्रकारच्या पेशींची खास मांडणी लागते असं बरीच वर्षं समजलं जाई. हायड्रिलाची पानं पेशींच्या जेमतेम दोन थरांची, तिथे कसली मांडणी! पण फ्लोरिडातल्या संशोधकांना १९८० च्या सुमारास आढळलं की पाणी तापलं, कार्बन डायऑक्साइड आटला आणि ऑक्सिजन चढला की हीच वनस्पती एकाच पेशीच्या आत हे सगळं करू लागते, आणि थंडीत पुन्हा साध्या पद्धतीवर येते. हंगामाप्रमाणे आपलं रसायनशास्त्र बदलणारी वनस्पती. मूळची आपल्याकडची हायड्रिला फ्लोरिडात मत्स्यालयांच्या व्यापारातून पोचली आणि तिथल्या तळ्यांना तिने सळो की पळो करून सोडलं, त्यामागे ही चतुराई आहे.

जलपर्णी ऑक्सिजन देते, पण कुणाला?

'जलपर्णी हिरवी आहे, ऑक्सिजन देते, मग ती काढायची कशाला?' हा प्रश्न पवना, इंद्रायणी, पंचगंगेच्या काठावर हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. जलपर्णी ऑक्सिजन देते, पण तिची पानं पाण्याच्या वर असतात आणि त्यांची पर्णरंध्रं हवेत उघडतात. ऑक्सिजन जातो हवेत, तिथे त्याला तोटा नाही. खाली मात्र गालिच्यामुळे उजेड पोचत नाही, त्यामुळे पाण्यातलं शेवाळ आणि हायड्रिला मरतात. वारा पाण्याला शिवत नाही, म्हणून हवेतून येणारा ऑक्सिजनही अडतो. वरून मेलेली पानं, मुळं खाली पडून कुजत राहतात. जमा बंद, खर्च दुप्पट. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती सांडपाण्यावर पोसली की दोनेक आठवड्यांत दुपटीने वाढते. तिच्यावर तणनाशक फवारून ती एकदम मारणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण मग टनांनी पाला एकाच वेळी पाण्यात कुजायला लागतो. उपसून काठाबाहेर नेली तरच पाण्याचा बोजा हलका होतो, आणि सांडपाणी येत राहिलं तर ती पुढच्या वर्षी परत येतेच.

पाण्यावर पानं ठेवणारी प्रत्येक वनस्पती अशी आपमतलबी नसते, निदान स्वतःच्या मुळांपुरती तरी. कमळाचा कंद, म्हणजे कमळकाकडी, चिरली की आत गोल भोकं दिसतात. ती हवेच्या नळ्यांची टोकं आहेत. कंद ज्या चिखलात असतो तिथे ऑक्सिजन जवळपास शून्य. मग कोवळ्या पानांत उन्हाच्या उबेने हवेचा दाब किंचित वाढतो, ती हवा देठातून खाली कंदात ढकलली जाते आणि जुन्या पानांवाटे बाहेर पडते. पिवळ्या कुमुदिनीवर १९८० मध्ये हे मोजलं गेलं तेव्हा एका पानातून दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा खाली जाते असं निघालं. ना हृदय, ना फुप्फुस.

तळं इतकं गर्द हिरवं होतंच कशामुळे, याचं उत्तर थोडक्यात फॉस्फरस. कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या तळ्याच्या मधोमध पडदा ताणला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच निवळ राहिला. विमानातून काढलेला तो फोटो पाहिल्यावर, दोष फॉस्फरसचा नाही म्हणणाऱ्या साबणाच्या कंपन्यांशी वाद घालायला फारसं काही उरलं नाही. आपल्या तळ्यांत फॉस्फरस येतो सांडपाण्यातून, कपडे धुण्याच्या पावडरीतून आणि शेतातल्या खतातून.

शेवाळ मधे न येताही ऑक्सिजन संपवता येतो. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. पिंड, भात, पीठ, फुलं पाण्यात पडतात, जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि कुजवताना ऑक्सिजन फस्त करतात. बंदिस्त कुंड, भरपूर मासे, थोडं पाणी. अन्नाने कुणी मासे मारत नाही, पण परिणाम तोच.

मग मेलेले मासे बघून ऑक्सिजन की विष, हे कसं ओळखायचं? प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधीही बरंच काही कळतं. ऑक्सिजन संपला असेल तर आधी मोठे मासे मरतात, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) बऱ्याचदा वाचते. विषात अनेकदा लहान आधी जातात किंवा सगळेच एकदम. गुदमरलेल्या माशाचं तोंड बहुधा उघडं आणि कल्ले फाकलेले असतात. मेल्याची वेळ पहाटेची आहे का, आदले दोन दिवस ढगाळ होते का, पाण्याचा रंग हिरव्याचा एकाएकी तपकिरी झाला का (म्हणजे शेवाळच मेलं आणि कुजायला लागलं), पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आत शिरलं का, हे विचारायचं. आणि मरळ, मागूर कुठे आहेत ते पाहायचं. रोहू-कटला उलटे तरंगताहेत आणि मरळ मजेत फिरते आहे, तर दोष जवळजवळ नक्की ऑक्सिजनचा. मरळही मेली असेल तर मात्र नमुना बर्फात घालून तपासणीला पाठवलेला बरा.

शेततळं असलेल्यांसाठी शेवटचं. ढगाळ दिवशी खाद्य निम्म्यावर आणा, संध्याकाळी तर देऊच नका, कारण खाल्लेलं पचवायलाही माशाला जास्तीचा ऑक्सिजन लागतो. एरेटर, म्हणजे पाणी ढवळून त्यात हवा मिसळणारं यंत्र, मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालवा. भर दुपारी ऑक्सिजन १२ असताना तो तासन्तास चालवला तर पाण्यातला जास्तीचा ऑक्सिजन तुम्हीच विजेचं बिल भरून हवेत घालवाल. दुपारी हवाच तर थोडा वेळ, वरचं आणि तळाचं पाणी मिसळण्यापुरता. एरेटर नसेल आणि पहाटे मासे वर आले, तर तळ्यातलंच पाणी पंपाने उचलून उंचावरून फवाऱ्याने परत तळ्यात सोडा. मासे त्या फवाऱ्याखाली गोळा होतात. ऊन वर येऊन शेवाळाची जमा सुरू होईपर्यंत तो बंद करू नका.